चिचुंद्रीचा दाणा आणि नामाप्पाचा कारखाना

एक होती चिचुंद्री. तिची तीन पिल्लं. एकाने आईची शेपूट तोंडात धरायची, दुसऱ्याने पहिल्याची, तिसऱ्याने दुसऱ्याची. अशी त्यांची गाडी. तुरुतुरु तुरुतुरु.

एकदा काय झालं, त्यांचा ज्वारीचा दाणा जमिनीच्या भेगेत पडला. टप्प! घरात तेवढाच एक दाणा. पिल्लं रडायला लागली. चीं चीं चीं.

जवळच पडलं होतं खुरपं.

"खुरप्या खुरप्या, माती उकर. दाणा निघेना, पिल्लं जेवेनात."

खुरपं म्हणालं, "मी आहे बोथट. लोहार धार लावेल, तर मी उकरेन."

चिचुंद्री खुरपं घेऊन गेली नामाप्पा लोहाराकडे. तुरुतुरु तुरुतुरु. पूर्वी नामाप्पा झाडाखाली बसून खुरपी करायचा. मग त्याने नांगर केले. मग पेरणीची यंत्रं केली. मग एवढा मोठा कारखाना काढला. आता तो खुर्चीवर बसायचा, आणि खुर्ची गोल फिरायची. गरगर गरगर. दिवसभर हेच काम.

"शेठ शेठ, धार लावा. खुरपं उकरेना, दाणा निघेना, पिल्लं जेवेनात."

नामाप्पा फिरत फिरत म्हणाला, "हातोडा खाली उतरेल, तर मी धार लावेन."

हातोडा होता भिंतीवर, काचेच्या पेटीत. दसऱ्याला पूजा करून ठेवला, तो तिथेच देव होऊन बसला. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूचा हार.

"हातोडेबुवा हातोडेबुवा, खाली उतरा. लोहार धार लावेना, खुरपं उकरेना, दाणा निघेना, पिल्लं जेवेनात."

हातोडा म्हणाला, "थंड लोखंडाला मी शिवत नाही. विस्तव पेटेल, तर मी उतरेन."

विस्तव झोपला होता भट्टीत. अंगावर राखेचं पांघरूण. घुर्र घुर्र.

"विस्तवा विस्तवा, पेट. हातोडा उतरेना, लोहार धार लावेना, खुरपं उकरेना, दाणा निघेना, पिल्लं जेवेनात."

विस्तव म्हणाला, "भाता फुंकेल, तर मी पेटेन."

भाता म्हणजे विस्तवाला वारा घालणारी कातड्याची मोठी पिशवी. पण आता तिची झाली होती गादी. वर झोपली होती मांजर.

"भात्या भात्या, फुंक. विस्तव पेटेना, हातोडा उतरेना, लोहार धार लावेना, खुरपं उकरेना, दाणा निघेना, पिल्लं जेवेनात."

भाता म्हणाला, "मांजर उठेल, तर मी फुंकेन."

चिचुंद्री दोन पावलं मागे सरली. पिल्लं तिच्यामागे लपली. पण भूक कुठे ऐकते?

"मनीमावशी मनीमावशी, ऊठ. भाता फुंकेना, विस्तव पेटेना, हातोडा उतरेना, लोहार धार लावेना, खुरपं उकरेना, दाणा निघेना, पिल्लं जेवेनात."

मांजर म्हणाली, "मी कुणासाठीच उठत नाही."

"बरं," चिचुंद्री म्हणाली, "मग आम्हीच बसतो, तुझ्याजवळ."

चिचुंद्री बसली. तिन्ही पिल्लं बसली. आता चिचुंद्रीच्या अंगाला कसा वास येतो, ठाऊक आहे ना? मांजरीने नाक मुरडलं. शेपटीने नाक झाकलं. मग जी उठली, ती थेट गावाबाहेर पळाली.

मांजर उठली, भाता फुंकला. भुस्स भुस्स! विस्तव पेटला. फुर्र फुर्र! हातोडा उतरला, हारासकट. नामाप्पा खुर्चीवरून उठला. गरगरून चक्कर आलेली, म्हणून आधी थोडा वाकडा चालला. मग त्याने खुरप्याला धार लावली. ठण ठण ठण! किती दिवसांनी घाम आला त्याला. फार बरं वाटलं. मग त्याने अख्ख्या गावाच्या खुरप्यांना धार लावली, नको नको म्हणणाऱ्यांच्यासुद्धा.

खुरप्याने माती उकरली. खर्र खर्र! दाणा निघाला. पिल्लं जेवली. आईला उरल्या दोन कण्या. तिने त्या चाटूनपुसून खाल्ल्या आणि एवढा मोठा ढेकर दिला.

दाणा गेला पोटात, गोष्ट आली ओठात.