दोन भांड्यावर, एक ऐरणीवर

एका राज्यात येसू नावाची एक तांबटाची लेक बारा वर्षे दूरदेशी मंत्रविद्या शिकून परत आली. राजपंडिताचे आसन तिची वाट पाहत होते. पण तिला ओढ होती तांबट आळीची. वाटले होते, वेशीपासूनच ठणठण कानी येईल आणि शंभर ठोक्यांतून आपण बाबांचा ठोका ओळखू. दोन भांड्यावर, एक हलकेच ऐरणीवर. लहानपणी त्याच तालावर तिला झोप लागे.

पण आळी मुकी होती. माणसे मऊ हात मांडीवर ठेवून ओट्यांवर बसली होती आणि चौकात एक सोन्याचा हातोडा आपला आपण हंडे घडवीत होता, जरासाही आवाज न करता.

"बाबा, मी येसू."

धोंडोजींनी वर पाहिले. "बसा बाई. कोणाकडे आलात?"

शेजारचा म्हातारा हसला. "त्याला काय विचारता? रोज मलाच विचारतो, मी कोण म्हणून. आणि मला तरी माझे कुठे ठाऊक आहे?"

चौकातल्या उंबराच्या झाडावरचा तांबट पक्षी बोलला, "राजाला यांच्या श्रमांची दया आली. त्याने मांत्रिकाकडून हा हातोडा करवून घेतला. काम गेले, त्यामागून माणसांची ओळख गेली. आज सूर्य मावळला की कायमची."

"उपाय?"

"तीन कामे. थंड भट्टी पेटव. राजाने आठवण म्हणून खजिन्यात ठेवलेला बापाचा हातोडा आण. मग एक हंडा घडव."

येसूने मंत्र म्हटला; भट्टी पेटली. ती राजवाड्यात गेली.

"एवढे जड ओझे कशाला नेतेस?" राजाने विचारले.

"वडील शोधायचे आहेत, महाराज."

राजाने मान खाली घातली आणि हातोडा दिला.

तिसऱ्या कामालाही तिने मंत्रच म्हटला. पत्रा वळला, झळझळीत हंडा उभा राहिला.

"छान आहे," धोंडोजी म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

"हा घडवला कोणी?" पक्ष्याने विचारले.

येसूने पदर खोचला, नवा पत्रा घेतला आणि हातोडा उचलला. तळहाताला फोड आले, फुटले. हंडा एका अंगाने कलला. ऊन उतरू लागले तशी तिची घाई वाढली. दोन भांड्यावर, एक ऐरणीवर. दोन भांड्यावर, एक ऐरणीवर.

धोंडोजींच्या कपाळाला आठी पडली.

"हळू गं. ऐरणीवर नुसता टेकवायचा. लहानपणीही तू अशीच आपटायचीस, येसू."

चौकातला सोन्याचा हातोडा तडकला आणि त्याची राख झाली. शेजारचा म्हातारा उठून आपली हत्यारे शोधू लागला. मग दुसरा, मग तिसरा. दिवेलागणीला आळी पुन्हा ठणठणत होती आणि जो तो आपापल्या ठोक्यात आपले नाव ऐकत होता.

येसू ऐकत बसली. "बाबा, जमला का मला ठोका?"

"तो माझा आहे, पोरी. तुझा अजून यायचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला न्यायला राजाची पालखी दारात आली. येसूने पालखीत स्वतः बसायच्या जागी तो कललेला हंडा ठेवला.

"महाराजांना सांगा, राजपंडित अजून घडायची आहे," ती म्हणाली आणि बापासमोर ऐरण ओढून बसली.