डोळे आले

निवांत महाराज त्या वर्षी कासारखेड्याला नदीकाठच्या धर्मशाळेत उतरले होते. एका गावी फार दिवस न राहणारे महाराज इथे का रमले, याची कारणं गावकरी निरनिराळी सांगतात. कोणी म्हणतं इथलं पाणी गोड, कोणी म्हणतं वडाची सावली दाट. आम्हाला मात्र वाटतं, ते राही कुंभारणीसाठी थांबले होते.

धर्मशाळेच्या खाली घाट, आणि घाटाच्या पायथ्याशी डोह. डोहाची राखण साती आसरा या जलदेवता करतात अशी गावाची श्रद्धा होती. पण त्यांचे शेंदूर माखलेले सात दगड आदल्या पावसाळ्यातल्या पुरात गेले, घाटाच्या खालच्या काही पायऱ्याही गेल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत राहीची एकुलती लेक सोनी पाणी भरताना डोहात बुडाली. दुसऱ्या कोणाचं लेकरू जाऊ नये म्हणून राहीने मातीच्या सात आसरा घडवून काठावर बसवायचा नवस केला.

उन्हाळाभर ती घडवत होती. लांब माना, इवलीशी डोकी, अंगाशी मिटलेले हात, किंचित उघडं तोंड. एक वाकून पाण्याकडे कललेली, एक मान तिरकी करून कानोसा घेणारी. आव्यात भाजून त्या तांबूस होऊन निघाल्या. पण एकीलाही डोळे नव्हते.

प्रतिष्ठा करायची होती दिगंबरशास्त्र्यांनी. शास्त्रीबुवा विद्वान होते यात शंका नाही. अडचण एवढीच, की ते त्यांना स्वतःलाही फार ठाऊक होतं. मूर्ती पाहून ते हसले. या आसरा की सुरया, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. मग म्हणाले, “आंधळ्या देवी राखण कसली करणार?” उद्या सकाळपर्यंत निदान रंगाने डोळे काढ, नाहीतर ही मडकी उकिरड्यावर टाक, असं बजावून ते निघून गेले. गावानेही माना डोलावल्या.

राही कुंचला घेऊन बसली, आणि तशीच उठून महाराजांकडे आली.

“महाराज, डोळं काढाय बसलं की माझ्या सोनीचंच होत्यात. तिनं पुन्यांदा त्या डोहाकडं बघत बसायचं? न्हाई सोसवत मला.”

संध्याकाळी शास्त्रीबुवा भजनाला आले, तेव्हा महाराज त्यांना म्हणाले, “तिला छळू नका. सकाळी डोळे येतील.”

“आले, तर एकेक मूर्ती माझ्या डोक्यावरून डोहापर्यंत वाहून नेईन,” शास्त्रीबुवा सर्वांदेखत म्हणाले.

सकाळ झाली. प्रतिष्ठेसाठी घाटावर आणलेल्या मूर्ती होत्या तशाच होत्या. राहीचा धीर सुटला. तेवढ्यात शास्त्रीबुवा भिंत चाचपत आले. दोन्ही डोळे लाल, सुजलेले, पापण्या चिकटून मिटलेल्या. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “आले की डोळे!” आणि सारा घाट हसला.

महाराज हसले नाहीत. हा शाप होता असं कोणी समजू नये, संतांच्या तोंडी शाप नसतो. त्यांनीच शास्त्रीबुवांना सांगितलं, की तुम्ही शब्दातून मोकळे आहात, घरी जाऊन डोळ्यांवर ओल्या घड्या ठेवा. पण लोक हसले होते. शास्त्रीबुवांनी डोक्यावर चुंबळ ठेवली, कानोसा घेणारी आसरा वर चढवून घेतली आणि मदतीचा हात झिडकारला. “हा घाट मी पोरवयापासून उतरतोय,” ते म्हणाले.

ते उतरत गेले ते जुन्या सवयीने, पुरात वाहून गेलेल्या पायऱ्यांकडे. काठावर उभ्या राहीला ते दिसलं. ती ओरडणार एवढ्यात शास्त्रीबुवांनी पाऊल उचललं, खाली नुसता डोह होता.

“दिगू, पाय मागे घे. पुढे पाणी आहे,” डोक्यावरून आवाज आला.

शास्त्रीबुवांनी पाय मागे घेतला. त्यांना दिगू म्हणणारं आता जगात कोणी उरलं नव्हतं. इतरांना काहीच ऐकू आलं नाही. लोकांनी पाहिलं ते इतकंच, की शास्त्रीबुवा मटकन खाली बसले, मूर्ती मांडीवर घेतली आणि बोटांनी तिचा चेहरा चाचपू लागले. डोळ्यांच्या जागी गुळगुळीत माती होती. ते लहान मुलासारखे रडले.

महाराज खाली उतरून जवळ आले. शास्त्रीबुवा त्यांचे पाय शोधू लागले, तेव्हा महाराजांनी त्यांचा हात धरून राहीकडे वळवला.

“राहीबाई, देवीच्या आजारात माझ्या आईचे डोळे गेले होते,” शास्त्रीबुवा म्हणाले. “मी इथे खेळायचो आणि ती पायरीवर बसून नुसती माझी पावलं ऐकायची. तिने मला कधी पाण्यात जाऊ दिलं नाही. आणि मी काल विचारलं, आंधळी राखण कसली करणार.”

एवढं बोलून त्यांनी राहीच्या पायांवर डोकं ठेवलं.

दिलेल्या शब्दाप्रमाणे उरलेल्या सहाही मूर्ती त्यांनीच डोक्यावरून नेल्या, या वेळी राहीच्या हाताला धरून. प्रतिष्ठेत मूर्तींचे डोळे उघडण्याचा विधी असतो, तो त्यांनी केला नाही. सगळं झाल्यावर राही कानोसा घेणाऱ्या आसरेपाशी वाकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, “माझ्या सोनीकडं ध्यान असू दे गं.”

तिच्या मागे शास्त्रीबुवा मिटल्या डोळ्यांनी हात जोडून, मान खाली घालून उभे होते.