मुळाबरहुकूम

"सही का करत नाही तुम्ही? चार वाजता फाइल छापखान्यात जायचीय, आण्णा."

मुखपृष्ठाचं प्रूफ नेमण्णा उपाध्यांनी उजेडाकडे जरासं कलतं धरलं.

कृत्तिका मोहिते टेबलापाशी उभीच होती. आपण बसलो तर म्हातारा आणखी वेळ लावेल, अशी तिला खात्री होती.

संग्रहालयाच्या प्रकाशन विभागात तिला आठ महिने झाले होते. हे तिचं पहिलं पुस्तक, पहिलं मुखपृष्ठ. ते वेळेत छापून आलं तर नोकरी कायम होणार होती. डायरेक्टरांना ते फार आवडलं होतं. सगळं अडलं होतं एका रबरी शिक्क्यापाशी.

शिक्क्यावर एकच शब्द होता : मुळाबरहुकूम.

मूळ चित्र शेजारी ठेवायचं, छापील प्रत त्याच्याशी जुळते हे डोळ्यांनी पाहायचं, मग शिक्का उमटवून खाली सही करायची. त्याशिवाय या संग्रहालयातलं पोस्टकार्डसुद्धा छापायला जात नसे. नेमण्णांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. शिक्का अजून त्यांच्याच कपाटात होता.

खोली उत्तरेकडची. दुधी काचांतून येणाऱ्या उजेडाला सावल्या नव्हत्या. दुपारचे तीन वाजलेत की सकाळचे दहा, ते तिथं बसून कधीच कळत नसे.

टेबलावर मूळ चित्र होतं. वीतभर कागद. गच्चीवर एक बाई उभी. एक हात कठड्यावर, मान उचललेली. ती वरच्या कोपऱ्यात कुठंतरी बघत होती.

त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. तिथला रंग कधीकाळी कसरीनं, त्या इवल्या चंदेरी किडीनं, खरवडून खाल्ला होता. उरला होता रुपयाएवढा कोरा कागद.

प्रूफात त्या जागी चंद्र होता.

"अकरा दिवस लागले," कृत्तिका म्हणाली. "कागदाचा पोत, निळा कसा फिका होत जातो ते, सगळं जुळवलंय. जोड दाखवून द्या."

"जोड दिसत नाही."

फोटोंवरचे डाग कुंचल्यानं बुजवण्यात नेमण्णांची चाळीस वर्षं गेली होती. त्यांना जोड दिसला नाही, म्हणजे तो नव्हताच.

"कष्ट केलेस," ते म्हणाले. "कसर म्हणून ठेवली नाहीस."

ती खूश झाली. मग तिच्या कपाळावर आठी आली.

"हे कौतुक की टोमणा?"

"कसरीनं बिचारीनं एकदाच खाल्लं होतं, पोरी. पोट भरलं, गेली."

"आण्णा, मला कोडी घालू नका."

"बरं. हिच्याकडं बघ." त्यांचं बोट मूळ चित्रावर तरंगलं, टेकलं नाही. "काय करतीय?"

"बघतेय."

"आणि ही?" बोट प्रूफावर आलं.

"हीपण बघतेय."

"नाही. हिला दिसलंय."

...

कृत्तिकानं श्वास सोडला. "आमचे आजोबा अस्संच करतात. एक वाक्य टाकायचं आणि सुपारी कातरायला लागायचं. बाकीच्यांनी ते वाक्य आठवडाभर चघळत बसायचं."

"मला दात नाहीत. सुपारीचा प्रश्न मिटला."

"आणि तुम्ही स्वतः काय केलंत? संग्रहालयाचं जुनं पुस्तक मी पाहिलंय. ह्याच बाईचं चित्र, हाच कोपरा. तिथं पोपट आहे!"

नेमण्णांचा चेहरा उजळला. "पाहिलास? चांगला जमला होता."

"म्हणजे तुम्हीच!"

"मीच. सव्वीस वर्षांचा होतो. ती कोरी जागा बघवेना. फोटोवर कुंचला चालवला आणि बसवला पोपट. दीड दिवसात. तुला अकरा लागले."

"आणि त्याच्यावर शिक्का मारला कुणी?"

"त्या वेळच्या मोठ्या साहेबांनी. चष्मा होता त्यांना, खिशात असायचा."

"मग?"

"मग काय... लोक पुस्तक हातात घेऊन यायचे, चित्रापुढं उभे राहायचे आणि शिपायाला विचारायचे, इथला पोपट कुठं गेला? एकानं तर चोरीची तक्रार दिली. पुढं एका विद्वानांनी लेख लिहिला. हा पोपट म्हणजे प्रियकराचा निरोप्या, त्याची चोच अमुक दिशेला का, असं चार पानं. मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, साहेब, तो पोपट मी काढलाय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, या विषयात आपला अभ्यास किती?"

कृत्तिकाला हसू आवरेना. "आण्णा, तुमचाच पोपट झाला की!"

"झाला की."

तेही हसले. हसता हसता त्यांचे डोळे चित्राकडे गेले आणि हसणं तिथंच राहिलं.

"बाईकडं कुणी बघेना झालं," ते म्हणाले.

...

"तुमचा पोपट तुमच्या मनाचा होता," कृत्तिका म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "माझा चंद्र माझ्या मनाचा नाही."

"मग कुणाचा?"

ती घुटमळली. हे तिनं डायरेक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

"मला स्वप्न पडलं. ह्या चित्राच्या कामाला लागले त्याच्या सहाव्या दिवशी. मी त्या गच्चीवर होते. पायाखालची फरशी गार होती. वारा नव्हता, तरी तिची ओढणी हलत होती, माझ्या मनगटाला लागत होती. सगळीकडे चांदणं... कठड्यावर, तिच्या गालावर, माझ्या नखांवर. ती बघत होती. मी तिच्या शेजारी उभी."

नेमण्णांनी प्रूफ खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"चंद्र केवढा होता?"

"म्हणजे?"

"पुरा होता? कोर होती?"

कृत्तिकानं डोळे मिटले. गच्ची आली. फरशी आली. ओढणी आली.

"चांदणं होतं, आण्णा. म्हणजे चंद्र असणारच."

"असणारच," नेमण्णा म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी शाळेच्या मुलांना हळू बोला, हळू बोला म्हणत होतं. तो आवाज काचेपर्यंत आला आणि विरून गेला.

टेबलावर फोन थरथरला. छापखाना. तिनं तो पालथा घातला.

"हे बघा, मला एवढंच सांगा. शिक्का मारणार की नाही? नाही म्हणालात तर डायरेक्टर उद्या दुसऱ्या कुणाकडून मुखपृष्ठ करून घेतील. माझी नोकरीही गेल्यात जमा. चालेल मला. पण तोंडानं नाही म्हणा. गप्प बसून माणसाला जिरवायचं, हे तुमच्या पिढीचं मला अजिबात आवडत नाही."

"दोन्ही जुळली तर शिक्का. बरोबर?"

"बरोबर."

"मग जुळवतो."

नेमण्णा उठले. कपाटातून त्यांनी एक शिंपला काढला, सफेद रंगाची पुडी काढली, खारीच्या शेपटीच्या केसांचा एक कुंचला काढला. शिंपल्यात पाण्याचे दोन थेंब टाकले आणि करंगळीनं रंग कालवला. हळू. दूध ढवळावं तसं.

प्रूफातला चंद्र ते थोडा मंद करणार, असं कृत्तिकाला वाटलं. तेवढं तिला मान्य होतं. खरं तर तिलाही तो जरा जास्तच उजळ वाटत होता.

नेमण्णांनी प्रूफ बाजूला सारलं.

मूळ चित्र पुढं ओढलं.

काय चाललंय ते तिला क्षणभर कळलंच नाही. कुंचल्याच्या टोकाशी सफेद थेंब फुगत होता. टोक खाली येत होतं. बाईच्या कपाळावरून, निळ्या आकाशावरून, त्या कोऱ्या जागेकडे.

कृत्तिकानं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट पकडलं.

"काय करताय! तीनशे वर्षांचं चित्र आहे ते!"

"तुझ्या प्रूफाबरहुकूम करतोय."

"आण्णा, हे मूळ आहे!"

"माहीत आहे."

...

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. तिनंही सोडला नाही. मनगट म्हाताऱ्या माणसाचं होतं, बारीक, पण जराही कापत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. त्या उजेडात वेळ मोजायला काही नव्हतं.

थेंब पडू नये म्हणून ती टोकाकडे बघत होती. टोकाखाली कोरी जागा होती. तिची कड सरळ नव्हती, किनाऱ्यासारखी आत-बाहेर गेलेली होती. अकरा दिवस त्या जागेत तिनं पोत मोजला होता, छटा मोजल्या होत्या. नुसती बघत होती ती आज पहिल्यांदाच.

तिला वाटलं, पायाखाली फरशी गार लागतेय.

शेजारी कुणीतरी उभं होतं आणि तेही बघत होतं.

फोन पुन्हा थरथरला. कृत्तिकानं मनगट सोडलं. नेमण्णांनी कुंचला मागं घेऊन फडक्याला पुसला.

"बोला," ती फोनवर म्हणाली. "हो. फाइल बदलतेय, दहा मिनिटांत पाठवते... चंद्र काढायचाय. कोपरा कोराच राहणार... नाही हो, चूक कसली, मुद्दाम! वाचणाऱ्यांना वाटेल तुमच्या छापखान्यात कसर शिरली, म्हणून घाबरू नका. माझं नाव सांगा."

पहिल्या दिवशी काढलेलं, चंद्र नसलेलं प्रूफ तिच्या फोल्डरच्या तळाशी होतं. तिनं ते नेमण्णांपुढं सरकवलं. त्यांनी ते मूळ चित्राच्या शेजारी ठेवलं. एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. शिक्का उमटवला, सही केली, शाईवर फुंकर घातली.

"डायरेक्टरांना मी बघून घेईन," कृत्तिका म्हणाली. "ओरडतील, ओरडू देत. मीपण ओरडेन."

"ते तुला येतंच."

ती दारापर्यंत गेली आणि गर्रकन वळली.

"पण सोमवारी पत्रकार येणार आहेत. सगळे एकच विचारणार, ही बाई बघतेय काय? प्रेस नोटमध्ये एक तरी ओळ लागते, आण्णा. माहीत नाही असं लिहू? अज्ञात लिहू? नुसतं गप्प बसून माझं भागणार नाही. काय देऊ मी त्यांना?"

नेमण्णा शिंपला धूत होते. पाणी थोडा वेळ दुधी झालं, मग स्वच्छ झालं.

"खुर्ची दे. चित्रापुढं."