फेटे बांधलेले सहा राक्षस

चिंचगडचा राजा भुजंगराव मोबाईलवरच्या राक्षसांच्या दंगलीच्या खेळात पुन्हा हरला आणि रागाच्या भरात पुढच्या डावाची पैज लावून बसला. पैजेत काय लावलं? गाव नाही, हत्ती नाही. मुदपाकखान्यातली मथुरा आचारीण!

जिंकणारा होता बोरगडचा राजा हैबतराव, म्हणजे राजाचा व्याही. भुजंगरावाच्या लेकीशी झालेल्या मुलाच्या लग्नात त्याने मथुराच्या हातची आमटी ओरपली होती आणि तेव्हापासून त्याला घरचं जेवण गोड लागत नव्हतं. पुढचा डाव जिंकलो तर आचारीण माझी, असं तो म्हणाला. भुजंगराव हो म्हणून मोकळा झाला. वर शेखीही मिरवली, "माझे सहा आगीचे सरदार मी कधी काढणार नाही. काढले, तर मी हरलो असं समजा!"

इथेच तर सगळं घोडं अडलं होतं. या खेळात राक्षस हवे तितके पाळा, पण दंगलीत उतरायचे सहाच. राजाचे सहाही आग ओकणारे. जाळ्या, भडक्या, होरप्या, एकापेक्षा एक तापट. हैबतराव मात्र डबक्या नावाचा एक जाडा बेडूक पुढे करायचा. बेडूक पिचकारी मारायचा आणि राजाचे सरदार ओळीने विझायचे. मग राजा नशिबाला बोल लावायचा. राक्षस बदला, असं प्रधानजींनी एकदा सुचवून पाहिलं, तर राजा आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही.

पैजेची बातमी मुदपाकखान्यात आली तेव्हा मथुरा लोणी कढवत होती. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले, आणि हिने बोरगडला जाऊन चूल पेटवायची? तिला राग आला, कारण कुणी साधं विचारलंसुद्धा नव्हतं. तिने राजाचं ताट उचललं आणि स्वतःच वाढायला गेली.

तिला पाहून राजा जरा ओशाळला, पण हट्ट सुटेना. म्हणाला, "माझे सरदार काढायचे नाहीत आणि डाव जिंकायचा. असा उपाय असेल तर तूच सांग. नसेल तर भांडी बांधायला घे."

मथुराने भातावर तूप वाढलं. "महाराज, ताईसाहेबांच्या लग्नात मामासाहेब कुठं बसले हुते?"

"कुठे म्हणजे? मानाचा फेटा बांधून, लोडाला टेकून, सगळ्यांत पुढे."

"त्यास्नी आमटी वाढाय का न्हाई लावलं?"

राजाला हसूच फुटलं. "मामांना? निम्मी पंगत भाजली असती आणि निम्मी उपाशी उठली असती!"

"मग पंगत पार पाडली कुणी?"

राजा आठवून सांगू लागला. चुलीशी तू होतीस, वाढायला गडी होते, पाण्याला पाणके होते, आणि रुसलेल्यांची समजूत काढायला दिवाणजी.

"आन् समदेच मामासाहेब असते तर?" मथुराने विचारलं.

राजाने ताट बाजूला सारलं आणि मोबाईल ओढला. कोपऱ्यात धूळ खात पडलेले राक्षस तो एकेक करून चाचपू लागला. मार खायला जाड पाठीचा ढाल्या. पाणी पिऊन फोफावणारी काटेवेल. जखमेला पाला लावणारी लेपी चिमणी. हळूच त्याने विचारलं, जाळ्याला तरी घेऊ का? एकाला कामाला जुंपलं तर बाकीचे पाच रुसतील, असं मथुरा म्हणाली. तेव्हा बिनमानाचा, पणतीएवढ्या जाळाचा काजव्या घेतला. जोडीला पळपुटी टिटवी आणि मातीत दडणारा उकऱ्या. सहा सरदारांना मात्र खेळातल्या दरबारात पुढच्या गाद्यांवर बसवलं आणि राजाने स्वतःच्या बोटाने त्यांना एकेक फेटा चढवला.

हैबतराव आला तो आचारणीसाठी पालखी घेऊनच. दरबारात मोठा पडदा लावला होता. डबक्याने पिचकारी मारली, ढाल्याने पाठ केली. दुसरी मारली, ती काटेवेल गटागटा प्यायली आणि वीतभर वाढली! डबक्याने तिला लाथ घातली, तर लेपीने लगेच पाला बांधला. अखेर वेलीने बेडकाला असा विळखा घातला की तो डराव करायलाही उरला नाही. हैबतरावाच्या बाकीच्या राक्षसांचीही तीच गत झाली. भुजंगराव सिंहासनावर उभा राहून नाचला.

"थांबा!" हैबतराव ओरडला. "सहा सरदार कुठे आहेत? दंगलीत एकही नव्हता. म्हणजे तुम्ही त्यांना काढलंत. पैज मी जिंकली. मथुराबाई, पालखीत बसा!"

राजाचा चेहरा उतरला. मथुराच्या डोळ्यांपुढे लेक उभी राहिली. तिने पदर खोचला आणि पुढे होऊन पडद्यावरच्या दरबाराकडे बोट दाखवलं.

"व्याहीमहाराज, सरदार हितंच हाईत की. फेटा बांधून, पुढच्या गादीवर."

"नुसते बसलेत! काडीचंही काम केलं नाही. जो काम करत नाही, तो काढलेलाच!"

"व्हय का?" मथुरा नम्रपणे म्हणाली. "मग लग्नात तुमी फेटा बांधून पुढच्या गादीवर बसला हुता, पाण्याचा तांब्यासुदीक उचलला न्हाई. म्हंजी त्या लग्नातनं तुमास्नी काढलं हुतं म्हणायचं?"

हैबतरावाने हो म्हणावं तर वरपित्याचा मान जातो, नाही म्हणावं तर पैज!

भुजंगराव इतका हसला की त्याचा मुकुट कानावर आला. शेवटी हैबतरावाच्या मिशाही थरथरल्या आणि तोही पोट धरून हसू लागला. राजाने मथुराच्या हातांत सोन्याच्या पाटल्या चढवल्या, लेकीच्या बाळंतपणासाठी दुभती म्हैस दिली आणि मथुराला यापुढे कुठल्याही पैजेत लावणार नाही, असं भर दरबारात कबूल केलं.

त्या दिवशीच्या पंगतीत मानाचं पहिलं पान मथुराचं होतं. भात भुजंगरावाने वाढला, तोही पानापेक्षा जमिनीवर जास्त. त्याच्या मागोमाग, धोतर सावरत, पाण्याचा तांब्या घेऊन हैबतराव फिरत होता.