वरून घेतलेलं माप

दाभाडेसाहेबांचा शब्द म्हणजे ऑफिसात ब्रह्मवाक्य. शेडच्या उतरत्या छपराचे पाईप वैजयंतीनं थ्रीडी ड्रॉइंगमध्ये पाच मीटर दाखवले होते. साहेबांनी तेच मॉडेल पडद्यावर सरळ वरून बघत माप टाकलं, चार मीटर आलं, आणि ते सगळ्यांसमोर गरजले, "कॉम्प्युटर खोटं बोलतो का गं? वर्कशॉपला पाईप चार मीटरनेच कापायला सांगितलंय!"

वैजयंती ताठ उभी राहिली. "साहेब, गच्चीवरून सरळ खाली पाहिलं तर तुमचं टक्कल आणि खांदे, एवढंच दिसतं. त्या मापानं पँट शिवायला टाकाल?"

तिनं मॉडेल फिरवून मापाची रेघ छपराच्या उतारावर बसवली. पडद्यावर पाच मीटर उमटलं.

साहेबांनी आधी आपल्या पँटकडे पाहिलं, मग वर्कशॉपला फोन लावला. "पाईप कापू नका. वैजयंतीमॅडम सांगतील तेच माप धरा."