अकरा हातांवरचा मुरूम

केरोबा महाराज त्या उन्हाळ्यात हिंगणवाडीला भैरोबाच्या देवळात उतरले होते. देऊळ जयसिंगराव पाटलांनी वीस वर्षांपूर्वी बांधलेले. पाया खणताना तिम्मा वडाराने त्यांना हात जोडून बजावले होते, की इथे काळी माती आहे, मुरूम अकरा हातांवर लागेल, त्याच्या वर थांबू नका. गावची विहीर त्यानेच खोदलेली, त्याला ठाऊक नसणार तर कुणाला? पण पाटलांनी भर चावडीवर त्याला काम वाढवून पैसे खाणारा लबाड ठरवले आणि चार हातांवर पाया भरला. पुढे तिम्माला कुणी विहीर दिली नाही. तो लबाड म्हणूनच मेला. मुलासाठी, दुर्गाप्पासाठी, मागे राहिला एक दोर, अकरा हातांवर गाठ मारलेला.

आता देवळाची मागची भिंत खचत होती. दरवर्षी भेगेत चुना भरावा आणि दरवर्षी ती पुन्हा उघडावी. भिंतीखाली एकेक खड्डा घेऊन मुरमापासून दगडी खांब चढवतो, असे दुर्गाप्पा म्हणाला, तेव्हा पाटील हसले. "बाप लबाड, लेक त्याच्या वरचढ!"

महाराज म्हणाले, "खण बाबा. भिंत मी धरतो." आणि ते भिंतीला पाठ लावून बसले.

म्हाताऱ्याने भिंत धरलीय की भिंतीने म्हाताऱ्याला, अशी पाटलांनी थट्टा केली. तिसऱ्या दिवशी दुर्गाप्पा कोपऱ्याखाली असताना भिंत करकरली, चुना गळू लागला. लोक पळाले, पाटीलही पळाले. महाराज हलले नाहीत आणि काय सांगावे, भिंतही हलली नाही! खाली मुरूम लागला. दुर्गाप्पाने वर येऊन खड्ड्यात दोर सोडला. गाठ काठाशी आली, तेव्हा टोक बरोबर मुरमाला टेकले होते.

शेवटच्या खांबावर पाचरी ठोकून भिंतीचा भार बसला, तेव्हाच महाराज उठले. त्यांच्या पाठीवर दगडांचे काळेनिळे वळ होते.

पाटील पाया पडायला वाकले. महाराज मागे सरले. "माझ्या नको. ज्याला खोटं पाडलंस, त्याचा शब्द खाली आहे."

शेवटच्या खांबाचा खड्डा अजून बुजवला नव्हता. पाटील शिडीने उतरले, पागोटे काढले आणि खांबाच्या बुडाशी मुरमावर कपाळ टेकले.

वर दुर्गाप्पा दोर गुंडाळत होता. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"लई उशीर केलासा, पाटील. माझा बा न्हाई आता बघायला."