केरूच्या डोळ्याचे पाणी

भाविकहो, मुकिंदमहाराजांचा मुक्काम तेव्हा मांजरेकाठच्या आडपिंपरीत होता. गावाबाहेर ओढ्यालगत एक वाकडा लिंब होता. त्याच्या सावलीत महाराज बसत. अंगावर घोंगडी, पुढ्यात पाण्याचा गडू, एवढाच त्यांचा प्रपंच. वयाने नजर अधू झाली होती. आल्यागेल्याला नाव विचारीत. जात कधी विचारली नाही.

त्याच गावच्या बुरूडवाड्यात राही राहत होती. सुपे विणावी, टोपल्या वळाव्या आणि हात चालता चालता महाराजांचे नाव घ्यावे, हा तिचा नेम. तिची आधीची दोन लेकरे पाळण्यातच गेली होती. म्हणून तिसरे झाले तेव्हा सुईणीने त्याला केरात लोळवले आणि नाव ठेवले केरू. काळाने वाकून बघावे, हा तर नुसता केर आहे म्हणावे आणि पुढे निघून जावे, एवढीच त्या माउलीची आशा!

पण काळ दारातच थांबला आहे, असे राहीला वाटू लागले. जन्मल्यापासून केरूचा डावा डोळा पाझरायचा. पोर खुदकन हसले तरी गालावर धार असायची. सकाळी पापण्या चिकटून बसायच्या, त्या ती कोमट पाण्याच्या बोळ्याने उकलायची. एका डोळ्याने रडणारे पोर आईला रडवूनच जाते, असे शेजारणी म्हणायच्या. राही ऐकून घ्यायची आणि पाळण्याची दोरी ओढत गायची:

डोळ्यात बाळाच्या, तळं भरलं काठोकाठ
देवा पाण्याला दावी वाट, माझ्या केरूबाळाच्या

दिवाळी सरली आणि केरूच्या नाकाच्या कडेला, डोळ्याच्या कोपऱ्यात, बोराएवढी गाठ उठली. लालभडक, टच्च भरलेली. अंगात ताप चढला. पोराने दूध सोडले.

गावात नृसिंहशास्त्री नावाचे मोठे नेत्रवैद्य होते. त्यांच्या शलाकेने मोतीबिंदू उतरलेली माणसे पंचक्रोशीत काठीवाचून फिरत होती, हे काही खोटे नव्हे. पण हाताला यश आले तसा मानेला ताठाही आला. ते ओट्यावर बसत, रोगी खाली अंगणात उभा राही. सोवळ्याचे निमित्त होतेच. शिवाय, हात लावून बघावे लागते ते कच्चे वैद्य, माझी नुसती नजर पुरते, असे ते चारचौघांत सांगत. बुरूडवाड्याला तर त्या ओट्याची पायरीही वर्ज्य होती.

राहीने अंगणाच्या कडेला उभे राहून पोर दोन्ही हातांवर उचलून धरले. शास्त्र्यांनी बसल्या जागेवरून मान तिरकी केली आणि निदान सांगितले. डोळा मुळापासून नासला आहे, विष मस्तकाकडे निघाले आहे, उद्या तापल्या सळईने कोपऱ्यात खोल डाग द्यावा लागेल. डोळा जाईल, पोर वाचले तर वाचेल.

राहीने पोर छातीशी घेतले. महाराजांना विचारून येते, एवढेच तिच्या तोंडून निघाले.

"विचार, विचार," शास्त्री म्हणाले. "त्या घोंगडीवाल्याला स्वतःच्या पुढ्यातला गडू चाचपावा लागतो. तो तुला डोळ्यांचं ज्ञान देईल!"

ओट्यावरची मंडळी फिदीफिदी हसली.

लिंबाखाली महाराजांनी केरूला मांडीवर घेतले, घोंगडीच्या टोकाने त्याचा गाल पुसला आणि कितीतरी वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले. आता अंगारा देतील, आता काही बोलतील, म्हणून राही त्यांच्या ओठांकडे डोळे लावून बसली होती.

महाराज म्हणाले, "राही, उद्या याला शास्त्रीबुवांकडेच ने."

तिला वाटले, पायाखालची जमीनच दुभंगली. "महाराज, लाल लोखंड लावणार हायेत ते. आन धरायचं मलाच हाय त्याला."

"धर की. पण बाई, लेकरू त्यांच्यापासून लांब धरू नकोस."

"तुमी याल का?"

महाराजांनी डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी उन्हे कलताना शास्त्र्यांच्या अंगणात शेगडी फुलली. लांब दांड्याची सळई निखाऱ्यांत खुपसली होती. राही पुन्हा पुन्हा वाटेकडे पाहत होती. वाटेवर चिटपाखरूही नव्हते. ज्यांच्या शब्दावर ती इथवर आली, त्यांनीच तिला एकटे सोडले होते काय? पोर तिच्या कुशीत निखाऱ्यासारखे तापले होते. तिने त्याचे डोके दंडात आवळून धरले, आणि शास्त्री सळई घेऊन खालच्या पायरीपर्यंत उतरले.

लाल काही चमकताना दिसले म्हणून केरूने तिकडे हात पुढे केला.

राहीने डोळे गच्च मिटले. "मुकिंदबाबा," ती पुटपुटली.

सळई वाटेतच थबकली. शास्त्र्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. धूर गेला असेल म्हणून त्यांनी ते उपरण्याने पुसले, तो आणखी आले. पुसावे तितके येई. दोन्ही डोळ्यांना झरे फुटल्यासारखे झाले. सळई, पोर, अंगण, सगळे पाण्यात विरघळून गेले. ओट्यावरून कोणीतरी म्हणाले, "शास्त्रीबुवा, आईच्या आधी तुम्हालाच कढ आला की!" पण या वेळी कोणी हसले नाही. ज्या नजरेवर सारा जन्म उभा, तीच गेली तर उरले काय? उभ्या आयुष्यात प्रथमच शास्त्री भ्याले.

तेवढ्यात राहीला महाराजांचे बोलणे आठवले. तिने पाय उचलला, तो थेट पायरीवर ठेवला, आणि लेकरू शास्त्र्यांच्या छातीशी दिले. वरून "विटाळ, विटाळ" असा गलका झाला. शास्त्र्यांनी सळई बाजूला टाकली आणि पोर पडेल या भीतीने त्याला कवटाळून ते तिथेच खाली बसले. आंधळा जसा चाचपतो, तशी त्यांची बोटे त्या इवल्या तोंडावरून फिरली. पापणीखाली बुबुळ गोल होते, घट्ट होते, निरोगी होते. गाठ होती ती डोळ्याच्या बाहेर, नाकाच्या कडेला, पाण्याने तट्ट फुगलेली.

"डोळा नासलेला नाही," शास्त्री स्वतःशीच म्हणाले. "पाण्याची वाट बुजली आहे."

पोथीतली ती वाट त्यांना पाठ होती; बोटाला मात्र ती आजच सापडली. त्यांनी अंगठा गाठीवर ठेवला आणि नाकाकडे खाली दाबत नेला. केरूने टाहो फोडला. कोपऱ्यातून पू आला. मग अंगठ्याखाली काहीतरी हलकेच सुटले, पोर सटकन शिंकले, आणि नाकपुडीतून पाण्याची धार लागली. रडणे हळूहळू निवले. त्याच क्षणी शास्त्र्यांचे डोळे कोरडे झाले. पहिली वस्तू दिसली ती केरूचा डावा डोळा. स्वच्छ, उघडा, त्यांच्याकडेच टुकूटुकू बघणारा. हाच डोळा आपण जाळणार होतो!

ते अनवाणीच लिंबाकडे निघाले. मागून पोराला घेऊन राही धावत होती. महाराज होते तिथेच बसले होते. त्यांचे डोळे लालबुंद सुजले होते आणि घोंगडीचे टोक पिळून काढावे इतके ओले होते.

शास्त्र्यांनी हात जोडले. "महाराज, मला प्रायश्चित्त सांगा."

"ती वाट पुन्हा बुजायला बघेल," महाराज म्हणाले. "लेकराला दात येईतो रोज सकाळी बोटाने चोळून द्यावी लागेल. बुरूडवाडा काही लांब नाही, शास्त्रीबुवा."

राही लिंबाच्या बुंध्याशी मटकन बसली. तिने केरूला पदराखाली घेतले, आणि पोर चुटूचुटू पिऊ लागले. तो आवाज शास्त्र्यांच्या कानी पडला. मग मात्र त्यांची मान आपोआप खाली आली, आणि त्यांनी महाराजांच्या धुळीने भरलेल्या पायांवर डोके ठेवले.